डोळ्यातला ठिपका

१२ जानेवारी, सोमवार

सुंदरामावशी शनिवारी गेली. मला आज कळलं, किसनचा फोन आला तेव्हा. "ताई, आईचा फोटो लागंल. रविवारी पुण्यानुमोदन हाय."

म्हणजे मी नोव्हेंबरात काढलेला. बाकीच्या म्हाताऱ्या माणसांचे फोटो मी आठवड्याभरात फ्रेम करून देते. तिचा राहून गेला. दिला असता तर सगळ्यांसारखा ट्रंकेत गेला असता, लुगड्यांखाली, वेळ येईपर्यंत. जित्या माणसाला भिंतीवर एकटं टांगत नाहीत इकडे.

दुपारी मंदारच्या स्टुडिओत गेले. बारा बाय अठरा काढ म्हटलं. त्याने फोटो स्क्रीनवर मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला.

फोटो धूसर आहे.

कॅमेऱ्यामागच्या छोट्या पडद्यावर स्वच्छ दिसला होता. तिलाही दाखवला होता. "बरा हाय गं बाय. लय म्हातारी नाय दिसत. ह्योच ठेव." तोच ठेवला. उरलेले अकरा तिच्यासमोरच पुसून टाकले, तिला गंमत वाटावी म्हणून.

मी लहान असताना ही मावशी भिवपुरीच्या आमच्या क्वार्टर्समध्ये दारावर वालाच्या शेंगा घेऊन यायची. माप झालं की वरची एक मूठ माझ्या फ्रॉकच्या खिशात.

१८ जानेवारी, रविवार

सुंदरामावशीचं पुण्यानुमोदन. पांढऱ्या कापडावर फोटो, पुढे मेणबत्ती. लांबून बराच वाटत होता. किसन म्हणाला, "चालंल ताई. आई वळखू येती." तो मला सांभाळून घेत होता.

बुद्धवंदना संपल्यावर मावशीची मुलगी पुढे झाली, शेलूला असते ती. फोटोला हात लावला. मग पदराने काच पुसली. जरा मागे होऊन बघितलं. पुन्हा पुसली.

मी जेवायला थांबले नाही.

२१ जानेवारी, बुधवार

कॅमेरा जुना झालाय, दुसरं काय. माझ्या नवऱ्याने, वसंतने घेतला तेव्हाच तो सेकंडहँड होता. या घरांमध्ये उजेड कमी, पत्र्याखाली एक खिडकी, कधी तीही नाही. असल्या उजेडात हा कॅमेरा दम टाकतो.

आज कल्याणच्या दुकानात फोन केला. माणूस भला वाटला, घाई करत नाही. त्याच्या मते दोन मार्ग. एक, हीच बॉडी, म्हणजे लेन्स सोडून बाकीचा कॅमेरा, ठेवायची आणि पंच्याऐंशी एमएमची मोठ्या तोंडाची लेन्स घ्यायची. उजेड भरपूर आत येईल, शटर पटकन मिटेल, माणसं सुंदर येतील. दोन, नवी बॉडी. कमी उजेडात चांगली, शिवाय हात हलला तरी आतला सेन्सर सांभाळून घेतो. वसंतच्या जुन्या लेन्स तिला बसतील, पण मध्ये अ‍ॅडॉप्टर लावून.

"मॅडम, तुमचा हात स्टेडी असेल तर मी म्हणेन लेन्स घ्या. लेन्स जन्मभर राहते. बॉड्या येतात नि जातात."

मी म्हटलं, हात स्टेडी आहे.

लगेच म्हटलं.

२५ जानेवारी, रविवार

खालापूरला दादाकडे. एसटीत बसायला मिळालं. शेतांत वाल फुललाय. दादा खुर्चीत, नाकाला ऑक्सिजनची नळी. पायऱ्या उतरणं बंद होऊन महिना झाला. वहिनी म्हणाली, रात्री बसूनच झोपतात.

बॉडी की लेन्स ते त्याला सांगितलं. तो सगळं नीट ऐकून घेतो, पॉवरहाऊसमध्ये पस्तीस वर्षं यंत्रांचीच भाषा ऐकली. मग म्हणतो, "बॉडी बदलायची सोय असती तर पहिला नंबर मी लावला असता. लेन्स तर बदलल्यातच डॉक्टरनी, दोन्ही डोळ्यांच्या." आणि हसताना खोकला लागला, तो बराच वेळ.

खोकला थांबल्यावर, "माझा फोटो तू काढ बेबी. आमची सुजाता मोबाईलवरचा लावेल. त्यात मी बनियनवर आहे."

मी म्हटलं, काहीतरीच काय. तो म्हणाला, "काहीतरी नाही. आख्ख्या तालुक्याचे काढतेस आणि मला वेटिंगवर ठेवतेस?"

वहिनीने चहा आणला. कप उचलताना बशी वाजली. मी कप खाली ठेवला. दादाने पाहिलं. पेपर उघडला, आणि तो उलटा धरलाय हे त्याच्या लक्षात आलं नाही.

२९ जानेवारी, गुरुवार

मंदारकडे गेले. सुंदरामावशीचा फोटो पुन्हा उघड म्हटलं, यात लेन्सचा दोष की बॉडीचा, तूच सांग. त्याने खुर्ची ओढून दिली. चाळिशीचा माणूस, माझ्या डोळ्यांदेखत वडिलांचा स्टुडिओ हातात घेतलेला. मला वाईट वाटू नये म्हणून आधी पाणी मागवलं.

"मॅडम, ह्यात फोकस गेलेला नाय. हे बघा." तिचा डावा डोळा मोठा केला, पडदाभर. बुबुळावर दारातला उजेड पडतो ना, त्याचा एक ठिपका असतो. प्रत्येक जिवंत डोळ्यात असतो. "फोकस चुकला तर हा ठिपका फुगतो, गोल राहतो. हात हलला तर त्याची रेघ होते."

सुंदरामावशीच्या डोळ्यात रेघ आहे. लहानशी, तिरकी.

मंदार खाली बघून म्हणाला, "ट्रायपॉड लावा ना."

लावून पाहिलाय. तीन पाय मांडले की म्हातारी माणसं आधारकार्डाचा चेहरा करतात. मी जवळ बसते, कॅमेरा मांडीवर, गप्पा चालू, आणि मध्येच उचलते. माझी रीतच ती.

घरी येऊन मागचे फोटो उघडले. मोठे करून डोळे पाहत गेले. मागच्या उन्हाळ्यात ठिपके. ऑगस्टमध्ये बहुतेक ठिपके. सप्टेंबरात एक रेघ. ऑक्टोबरात चार. नोव्हेंबरात

बंद केलं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

उजवा हात. काही धरलेलं नसताना जास्त हलतो. लिहिताना अक्षर बारीक होत जातं, ओळ संपेपर्यंत मुंगीएवढं. ही वही मागे चाळली तर तेही दिसतं. मी वाचत होते रोज आणि दिसत नव्हतं.

अक्षरावरच नोकरी मिळाली होती मला. तहसील कचेरीत नकला हाताने लिहायच्या तेव्हा, आणि भाऊसाहेब म्हणायचे, बाईंची नक्कल अस्सलपेक्षा बरी. ते होस्टेलच्या कॉन्व्हेंट शाळेचं देणं. सिस्टर मागे उभ्या राहून माझं मनगट धरायच्या, कोपर डेस्कवर टेकवायच्या. श्वास सोड, मग रेघ ओढ. आधी नाही. किती हलका हात होता त्यांचा, आणि साबणाचा वास. मराठी बोलताना अडखळायच्या, पण "श्वास" शब्द अगदी स्वच्छ.

आईचा हात असाच हलायचा शेवटची वर्षं. भाकरी थापताना थांबायचा, म्हणून ती दिवसभर काही ना काही थापत, वळत बसायची. आम्हाला वाटायचं, हौस.

८ फेब्रुवारी, रविवार

कल्याणला जाऊन आले. दुकानदाराने दोन्ही काढून ठेवलं होतं.

आधी लेन्स, माझ्याच बॉडीवर. काय जड, काय देखणी. दुकानातल्या मुलीचा फोटो घेतला, तिच्या केसांमागचं सगळं दुकान विरघळून गेलं. मोठं करून पाहिलं. तीन फोटो, दोन ठिपके, एक रेघ.

मग नवी बॉडी. तीच मुलगी, तोच उजेड. पाच फोटो, पाचही ठिपके. गोल, टाचणीच्या डोक्याएवढे.

बॉडीच घ्यायची, झालं, असं म्हणणार होते. पण त्या पाच फोटोंमध्ये माझा हात कुठेच नाही. हलत होता, मला जाणवत होतं, आणि फोटोत काही नाही. ही नवी बॉडी आणखी दोन-तीन वर्षं सगळं झाकून घेईल. लोकांपासून, आणि माझ्यापासूनही. मला हवंय तेच, आणि भीतीही त्याचीच वाटली.

शिवाय ही जुनी बॉडी. उजव्या बाजूचं रबर निघालं तिथे वसंतने काळी चिकटपट्टी लावली होती. तिच्यावर त्याच्या बोटांचा खळगा आहे. वसंत गेल्याला सहा वर्षं झाली. माझी बोटं त्या खळग्यात बसत नाहीत, कधीच बसली नाहीत, पण मी तिथेच धरते.

दुकानदाराला म्हटलं, पंधरा दिवस द्या. "दोन्ही बाजूला ठेवतो मॅडम. तुमचा फोन आला की एक परत शोकेसमध्ये."

१५ फेब्रुवारी, रविवार

सुजाताचा फोन. "आत्या, बाबांना आता नळी काढून जेवताही येत नाही. डॉक्टर म्हणतात घरीच ठेवा." मागे रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज. मग, "ते विचारतात बेबी कधी येणार."

नवी बॉडी येईपर्यंत थांबू? शिकायला आठवडा जाईल. दादाकडे आठवडा आहे का, हे मी कॅमेऱ्याच्या हिशेबात धरतेय. काय माणूस आहे मी.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

गेले, कॅमेरा न घेता. दादा पाहताक्षणी, "हत्यार कुठंय?"

नवा घेतेय, म्हटलं, येऊ दे.

"बेबी." वहिनी आत जाईपर्यंत थांबला. श्वासाश्वासाला एकेक शब्द. "डॉक्टरला दाखवलास?"

काय?

"हात. काय काय करतेस. आईचा मी बघितलाय. तू होस्टेलला होतीस. मी भरवायचो तिला."

हे मला माहीत नव्हतं. साठी उलटून गेली माझी आणि हे माहीत नव्हतं. मी सुट्टीत यायचे तेव्हा आई स्वतःच्या हाताने जेवायची. दादा म्हणाला, तू येणार म्हणून ती आठ दिवस आधीपासून सराव करायची. चमच्याने, पाणी घेऊन.

मी रडले. तो रडला नाही, त्याला परवडत नाही आता.

"आधी नंबर लाव डॉक्टरचा. चिठ्ठी दाखव. मग मी चेहरा दाखवतो. उधारी बंद."

२० फेब्रुवारी, शुक्रवार

मेंदूच्या डॉक्टरांची वेळ मिळाली, पुढच्या शुक्रवारची, पनवेलला. सुजाताला सांगितलं. ती फक्त म्हणाली, "मी येते सोबत, आत्या." तिने आश्चर्य दाखवलं नाही. म्हणजे सगळ्यांना दिसत होतं.

२२ फेब्रुवारी, रविवार

दादाचा फोटो काढला.

जुन्याच कॅमेऱ्याने, जुन्याच लेन्सने. पांढरा शर्ट, वहिनीने इस्त्री केलेला, दोन मापं मोठा झालेला. दाराजवळ खुर्ची ओढली. दहाचं ऊन उंबऱ्यापर्यंत आलं होतं.

दादाने आधी डॉक्टरची चिठ्ठी मागितली. वाचली, उलटून पाहिली. "शिक्का नाही यावर."

मोबाईलवर मिळते हल्ली वेळ, मी लिहून आणली.

"अक्षर केवढं बारीक आलंय," म्हणाला, आणि घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली. फोटोत त्या खिशाचा फुगवटा आहे.

मग नळी काढ म्हणाला. वहिनी नको नको म्हणत होती. "नळीवाला फोटो भिंतीवर लावून घरात दवाखाना करायचाय काय?"

मी त्याच्यासमोर स्टूल ठेवलं, त्यावर वहिनीची ट्रंक, आणि मागे जमिनीवर गुडघे टेकून बसले. दोन्ही कोपरं ट्रंकेवर. सिस्टर असत्या तर बरं म्हणाल्या असत्या. तरी उजवा हात चाललाच होता, आत, पाण्यासारखा.

"हलतोय?" दादा.

हो.

"मी थांबतो. तूही थांब."

आणि त्याने श्वास धरला. ज्याला चार शब्दांना एक श्वास पुरत नाही त्याने. मी माझा सोडला. दादा माझ्याकडे बघत होता, लेन्सकडे नाही, तिच्या जरा वर, मी जिथे होते तिथे. लहानपणी कालव्याच्या कठड्यावरून मला चालवायचा तेव्हा असाच बघायचा, हात न धरता.

एकच फोटो घेतला. दुसरा घेईपर्यंत त्याला धाप लागली आणि वहिनीने नळी लावली.

पाच मिनिटांनी त्याने हाताने खूण केली, दाखव. छोटा पडदा त्याच्यासमोर धरला. बराच वेळ पाहिलं त्याने.

"आपल्या अप्पांसारखा दिसायला लागलो की गं." मग, "पुसू नकोस हां."

नाही पुसत.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

कल्याणहून फोन. "मॅडम, कुठलं ठेवू?" शुक्रवारनंतर सांगते म्हटलं. "दोन्ही तसंच राहू दे?" राहू दे.

दादाचा फोटो काढल्याचं मंदारलाही कळलंय, सुजाताने सांगितलं असेल. त्याचा निरोप, कार्ड घेऊन या, मोठा करून बघू. फ्रेम लगेच देतो म्हणाला. ट्रंकेत ठेवायला.

कार्ड अजून कॅमेऱ्यातच आहे. सकाळपासून तीनदा छोट्या पडद्यावर पाहिला. पांढरा शर्ट, खिशाचा फुगवटा, दादा. स्वच्छ दिसतो. सुंदरामावशीही स्वच्छ दिसली होती.

डोळा मोठा करायचं बटण उजव्या अंगठ्याखाली आहे, वसंतच्या पट्टीच्या जरा वर. अंगठा ठेवलाय. हलतोय.