चांदीच्या ढालीवरचं चाक

एर्लेनशाइड,
२९ ऑगस्ट २००४

प्रिय हेडविग,

थोरल्या भावाचे अनेक आशीर्वाद. गुडघा सोडला तर मी बरा आहे. यंदा प्लम इतके लागलेत की फांद्यांना टेकू द्यावे लागले. तुझ्या हातचा प्लमचा केक आठवला, आणि मग बेकरीतला घशाखाली उतरेना.

बातमी म्हणजे, आगीच्या बंबवाल्यांचा झेंडा फाटला. नव्या झेंड्यावर पुन्हा गावचिन्हातला तोच काळा बैल कशाला, असं ग्रामसभेत निघालं. शेजारचा रुडी म्हणाला, "राहू दे की, एवाल्डसारखाच दिसतो." सगळे हसले. मीही हसलो, पण मला बसवेना.

हेडा, आता मुद्द्याचं लिहितो. तू काढलेलं गावचिन्ह आठवतं ना? हिरव्या ढालीवर आपल्या पाणचक्कीचं निळं चाक. चिन्हं मंजूर करणाऱ्या सरकारी अभिलेखागारानं ते परत पाठवलं, तेव्हा सरपंच म्हणून मीच पत्र वाचून दाखवलं: ढालीवर रंगावर रंग चालत नाही, हिरव्यावर निळं नको. एवढंही ठाऊक नसलेली चित्रकार म्हणून लोकांनी तुला टोमणे मारले. तू ट्रियरला निघून गेलीस, ती तेवीस वर्षं इकडे फिरकली नाहीस.

त्या पत्रात आणखी एक ओळ होती. चांदी रंगात मोडत नाही; ढाल चांदीची केली, तर चिन्ह मंजूर. ती ओळ मी गिळली.

बाबांनी चक्की चालती दिली होती, ती माझ्या हातून बंद पडली. ते चाक रोज सभागृहाच्या दारावर बघायची माझी छाती नव्हती. म्हणून बैल. बैल बघून मला कशाची लाज वाटणार?

मंगळवारच्या सभेत मी ते पत्र अख्खं वाचलं. रुडीची बायको गेर्टा म्हणाली, "हे तिला सांगितलंस?"

नाही म्हणालो.

"मग आम्हाला काय सांगतोस?"

बैल उतरवून चाक लावायचं, असा ठराव झाला. पण ढाल तूच रंगवायची आणि सही तुझी, ही अट मी घातली. तू नाही म्हणालीस तर बैल राहील, आणि मी त्याच्याखालून मुकाट्यानं जाईन. तुझं मूळ चित्र सोबत पाठवतोय. ते मी कधी फेकलं नाही.

जत्रेला आलीस तर तुझी खोली झाडून ठेवली आहे. नाही आलीस तर चार शब्द लिही. शिव्या असल्या तरी चालतील. सभेत उभा राहून वाचीन, शेवटच्या ओळीपर्यंत.

तुझी एक ओळ देणं लागणारा,
तुझा भाऊ
एवाल्ड