दिराचे निलंबन तूर्त उठवू नये म्हणून

प्रति,
मा. कामगार अधिकारी,
संरक्षण साहित्य कारखाना,
जबलपूर.

विषय : टर्नर श्री. अच्युत रामराव सावदेकर यांचे निलंबन तूर्त कायम ठेवण्याबाबत.
संदर्भ : सकाळच्या पाळीसाठी केलेले पूर्वीचे अर्ज व त्यांस आलेला नकार.

महोदय,

अर्जदार ही वरील कामगाराची भावजय असून महाराजपूर येथे राहते. असा अर्ज आपल्यापुढे पूर्वी आला नसेल. आपण मराठी जाणता असे कळल्यावरून तो मराठीत लिहिला आहे.

१. अर्जदाराचे यजमान श्री. मुरलीधर रेल्वेच्या पार्सल कचेरीत होते. काही वर्षांपूर्वी त्यांच्या मनाचा तोल गेला. एरवी ते भाजी निवडतात, पेपर वाचून दाखवतात. पण भीती वाटली की समोर येईल त्याला मारतात. मनोरुग्णालयात जागा नाही. तेथील डॉक्टर म्हणाले, "बांधून ठेवू नका, वाद घालू नका, पाठीमागून जाऊ नका. आणि ते ज्याचं ऐकतात, त्याला संध्याकाळी घरी राहू द्या." ते ऐकतात फक्त धाकट्या भावाचे. अच्युत समोर जमिनीवर बसतात, हळू म्हणतात, "दादा, मी आहे ना इथंच," आणि वळलेल्या मुठी सुटतात. अर्जदाराने हेच शब्द त्याच सुरात म्हणून पाहिले. उपयोग झाला नाही.

२. दिवाळीनंतर कारखान्यात जादा काम लागले आणि अच्युत यांची संध्याकाळ गेली. अर्जदाराने त्यांच्यासाठी सकाळची पाळी मागितली. कार्यालयाने चौकशीला बाबू पाठवले ते रविवारी, म्हणजे अच्युत घरी असताना. यजमानांनी त्यांना खुर्ची दिली, मुलाबाळांची विचारपूस केली. निघताना बाबू म्हणाले, "बहनजी, ये तो बड़े भले आदमी हैं." अर्जदार म्हणाली, ते भले आहेतच, पण आज भाऊ घरी आहे म्हणून शांत आहेत. बाबूंनी पहिले वाक्य लिहून घेतले, दुसरे सोडले. रोगी शांत असल्याने भावाची गरज दिसत नाही, असे उत्तर आले. चौकीवर जावे तर तो घरचा मामला. इस्पितळ म्हणते घरच्यांनी सांभाळावे. कारखाना म्हणतो घरचे रडगाणे या दिवसांत सांगू नये. सगळी बोटे घराकडे, आणि घरातला जो एक माणूस कामी येतो, तो मशीनवर.

३. लढाई सुरू झाली आणि दिवेलागणीला भोंगा वाजला. दिवा विझवा म्हणून लोक दार बडवू लागले. अर्जदार दिव्याकडे गेली ती यजमानांच्या पाठीमागून. खोलीत दुसरी वाट नाही. त्यांनी पाट उचलून मारला. डावे मनगट मोडले. थोड्या वेळाने तेच विचारू लागले, "काहून रडून राहिली? कोणी मारलं तुला?" दुसऱ्या दिवशी अच्युत यांनी लवकर घरी जाण्याची परवानगी मागितली. मिळाली नाही, तेव्हा ते चालू पाळीतून उठून फाटकाबाहेर पडले. युद्धकाळात काम सोडल्याबद्दल त्यांना निलंबित करण्यात आले.

४. तेव्हापासून भोंगा वाजला की दोघे भाऊ जमिनीवर समोरासमोर बसतात. यजमान गोळी घेतात, जेवतात, झोपतात. जे अर्जदार हात जोडून मागत होती, ते कार्यालयाने शिक्षा म्हणून दिले. शिक्षा तर शिक्षा. ती आता काढून घेऊ नये. सकाळची पाळी देता येत असेल तर फार उपकार होतील. ते जमत नसेल, तर मनोरुग्णालयात जागा होईपर्यंत निलंबन उठवू नये. अर्ध्या पगारात घर कसेही रेटू.

५. हा अर्ज अच्युत यांना न विचारता केला आहे. देशाची लढाई चालली असता धडधाकट माणूस घरी बसला, असे गल्लीत बोलतात आणि त्यांना ते लागते. काल जेवताना ते मशीनचे काही सांगत होते. यजमान म्हणाले, "तू जा रे कामावर. मी हिला काही नाही करत." ते मनापासून म्हणाले, आणि त्या घटकेला ते खरेही होते. अर्जदाराने त्यांच्याकडे पाहिले नाही. तिने अच्युत यांच्याकडे पाहिले आणि डोळ्यांनीच नको म्हटले.

आपल्या निर्णयाच्या प्रतीक्षेत,
आपली नम्र,
सौ. हेमलता मुरलीधर सावदेकर
महाराजपूर, जबलपूर
दि. १५ डिसेंबर १९७१