एक बोट जास्त

बाबा, तुमचा कापड मोजायचा गज अजून माझ्याकडे आहे. लोखंडी, मधोमध तुमच्या मुठीनं गुळगुळीत झालेला. काल तो पुसताना त्यावर फीत धरून पाहिली. छत्तीस इंच, केसभराचाही फरक नाही. हे मी त्या दिवशी, तोंड उघडण्याआधी पाहायला हवं होतं.

एकशेवीस वारांच्या हर्डल शर्यतीत दहा अडथळे असतात, साडेतीन फूट उंचीचे, आणि दर दोहोंमध्ये दहा वार. हे मी एका फाटक्या इंग्रजी पुस्तकातून अक्षर लावत लावत काढलं होतं. तुम्हाला वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही एवढंच विचारलं, ‘‘वार म्हंजे आपला गजच ना?’’ मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी पहाटे सक्करदऱ्याच्या तलावामागच्या पडीत जागेवर तुम्ही गज घेऊन वाकलेले आहात. मी खुंट्या ठोकतो आहे, आणि तुम्ही इतवारीच्या दुकानात लुगडं मोजावं तशी जमीन मोजत पुढे सरकता आहात. बांबूच्या कामट्यांचे अडथळेही तुम्हीच बांधले. वर्षभर मी त्यांच्यावरून धावलो. दोन अडथळ्यांमध्ये तीन पावलं पडायला हवीत. ती झोपेतून उठवलं तरी पडली असती.

आणि प्रांताच्या सामन्यात, कवायतीच्या मैदानावर, सगळ्या नागपुरासमोर मी तिसऱ्या अडथळ्यावर आपटलो. पहिल्यापासूनच लाकूड फार लवकर अंगावर येत होतं. गुडघा फुटला त्याचं काही वाटलं नाही, पण पाऊल चुकलं कसं, हे कळेना. मी एका ओव्हरसियरकडून मोजणीची फीत मागून आणली आणि लंगडत तलावामागे गेलो. तुमचे दहा वार साडेसात इंचांनी जास्त भरले. नऊही ठिकाणी.

तसाच दुकानात आलो. गादीवर मालक होते, बायका लुगडी पाहत होत्या, तुमच्या हातात गज होता. मी सगळ्यांसमोर म्हणालो, ‘‘तुमचा गज खोटा आहे.’’

तीस वर्षं मापावर इमान ठेवलेल्या माणसाला मी हे म्हणालो. तुम्ही कापडाची घडी घातली, बाजूला ठेवली, मग हळू बोललात, ‘‘गज खोटा नाही गा. बोट माह्यं होतं. गजामागं एक बोट गिऱ्हाइकाले जास्त सोडतो, तं तुले कसा कमी मोजू?’’

दुकानाची ही रीत मला लहानपणापासून ठाऊक होती. तरी मी माफी मागितली नाही. मालकांनी शेजारून दुसरा गज मागवला आणि दोन्ही जोडून सर्वांना दाखवले. सारखे भरले. तरी पुढे कित्येक दिवस बाजारातली माणसं तुम्हाला विचारत, काय गा, आज पोराले विचारून मोजतं का? तुम्ही हसत होतात, आणि बोट सोडतच होतात.

मी मात्र ते बोट माझ्या पायातून काढायचं ठरवलं. फितीनं नव्या खुंट्या ठोकल्या. थंडीत, उन्हात, गुडघ्याला फडकं बांधून रोज पहाटे तीच तीन पावलं, साडेसात इंच कमी. लांबवलेलं पाऊल आखडायला मला नऊ महिने लागले. पुढच्या वर्षी हर्डल मी जिंकली. त्याच दुपारी शंभर वारांची सपाट शर्यतही जिंकली, आणि त्यानंतर सहा वर्षं दोन्हींत प्रांतात मला कोणी मागे टाकलं नाही. लोक म्हणत, याचं पाऊल फार लांब पडतं. हर्डलमध्ये मी ते आवरून धरायचो, सपाटीवर मोकळं सोडायचो. ते कुठल्या जमिनीवर लांब झालं, हे मला चांगलं माहीत होतं.

हा कागद मी गजाभोवती गुंडाळून सुताने बांधणार आहे. त्याआधी एक राहिलंय. पहिल्या बक्षिसाच्या दिवशी तुम्ही दोरीपाशी धुतलेली टोपी घालून उभे होतात. कप देताना साहेबानं मला इंग्रजीत काही विचारलं, मी उत्तर दिलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, तुम्हीही वाजवल्या. घरी येताना कप तुमच्या हातात होता. तुम्ही विचारलं, ‘‘साहेब काय म्हने गा?’’

मी म्हटलं, ‘‘नाव विचारलं.’’

‘‘मंग? नीट सांगितलं ना?’’

मी हो म्हटलं. बाबा, साहेबानं नाव विचारलं नव्हतं. तुला कोणी शिकवलं, असं विचारलं होतं. मी म्हणालो होतो, कोणीच नाही.