घंटा व्हायच्या आधी

प्रिय रचना,

‘प्रिय’ लिहिताना हात अडला, पण शाळेपासूनची सवय जात नाही. कशी आहेस ते विचारणार नाही. जाम चिडलेय मी. फोन केला असता तर शिव्याच दिल्या असत्या.

काल ठाण्याला शिक्षण खात्याच्या ऑफिसात सुनावणीला तू शाळेच्या बाजूने बसलीस, मी समोर. ठीक आहे, नोकरी आहे तुझी. पण साहेबांनी सरळ विचारलं, घंटेआधी संचिताला वर्गाबाहेर न्यायचं कोणी बंद केलं, तेव्हा तू मूग गिळून बसलीस! अगं, माझ्या पोरीला घंटेचा आवाज सोसत नाही, हे त्या शाळेत आधी तुलाच कळलं ना? घंटा व्हायच्या आधी तू तिचा हात धरून मागच्या जिन्यात न्यायचीस, दोघी कान झाकून गाणं म्हणायचात. वर्षभर पोर सुखाने शाळेत गेली. घरी कुकर लावला तरी माझा हात ओढत जिन्यात न्यायची.

मग मोठ्या बाईंचं फर्मान, एकीचे लाड केले तर उद्या सगळे आईबाप तेच मागतील. हे तूच मला कोपर स्टेशनबाहेर रडत सांगितलंस. तू न्यायची थांबलीस आणि घंटा झाली की संचिता गेटपर्यंत पळायला लागली. आता म्हणतात, पोर पळते, जबाबदारी आमची नाही, स्पेशल शाळा बघा. चोर तो चोर वर शिरजोर!

आज बाईंनी आम्हा नवराबायकोला बोलावून चहा पाजला. तेव्हाच ओळखलं, काहीतरी शिजतंय. संचिता याच शाळेत राहील, तिला जिन्यात न्यायला दुसरी बाईही देतील. फक्त मी लिहून द्यायचं, की रचना टीचरनेच कामचुकारपणा केला. महेंद्र म्हणाला, कर सही, पोरीचं बघ, रचना आपली कोण लागते? घरी येईपर्यंत भर रिक्षात भांडलो आम्ही.

सही नाही केली मी. उपकार वगैरे समजू नकोस, तुझा राग अजून गेलेला नाही. पण संचिता रोज त्या जिन्याकडे बघून तुझं नाव घेते गं. तुझ्यावर आळ घेऊन तिला कुठल्या तोंडाने शाळेत सोडू? सोमवारी पुन्हा ठाण्याला बोलावलंय. तू गप्प राहिलीस तर तिची शाळा जाईल, बोललीस तर तुझी नोकरी जाईल. मी काय मागतेय ते मला कळतंय, तरी मागतेय. खरं सांग. मी समोर नाही, तुझ्या बाजूच्या खुर्चीत बसेन. भीती वाटली तर साहेबांनी विचारायच्या आधी माझा हात धर.

चिडलेली, तरी तुझीच,
कल्पिता