खरं की खोटं, आणि माझी हडळ

रविवार, दिवेलागणीची वेळ. वर्तकनगर.

सायली, मी बोलते ते जसंच्या तसं लिही, मध्ये तुझी अक्कल घालू नकोस.

ही माझी नात मोबाईलवर आवाजाची कामं करणाऱ्यांचा ग्रुप चालवते. कार्टूनला आवाज देणारी, गोष्टी सांगणारी माणसं. ग्रुप झोपू नये म्हणून रोज एक समजूत टाकते आणि विचारते, खरं की खोटं? काल आइस्क्रीमने आवाज बसतो का, ते होतं. आज टाकलं, "वाचता येत नसेल, तर हे काम जमणार नाही." सगळ्यांनी लिहिलं, खरं. डोंबिवलीच्या एका जाड आवाजाच्या गृहस्थांनी तर वर अंगठा दाखवला. सहीच्या जागी अंगठा उठवते मी, आणि दाखवतायत ते!

दुपारभर तेच डोक्यात. सगळ्यांनी? एकानेही खोटं म्हणू नये?

शेवटी सायलीला म्हटलं, तुमच्या ग्रुपवर चाललेल्या गोष्टीतल्या हडळीची एकेक ओळ माझ्या कानात सांग. ती सांगत गेली, मी म्हणत गेले, मोबाईल रेकॉर्ड करत गेला. मिठागरात या बांधावरून त्या बांधावर हाका मारून घडलेला गळा आहे हा. हडळ अशी खेकसली की शेजारीण डोकावून गेली. सायलीने स्वतःची कुजबुज कापली आणि नाव न सांगता ते ग्रुपवर टाकलं.

दर मिनिटाला सायलीला विचारत होते, कोणी काही लिहिलं का? मग डोंबिवलीकरांचाच निरोप आला. सायलीने वाचून दाखवला, "ताई, एवढा लांब उतारा, पण पान उलटल्याचा आवाज एकदाही नाही. कसं जमवता?"

"आजी, काय कळवू गं?"

"कळव, जन्मभराचा सराव आहे."