जोडप्याचा पास

येडशी, ३ सप्टेंबर १९४३

येथील सरकारी शाळेत रुजू होऊन आठवडा झाला. गाव प्रसन्न आहे. प्रवासी कमी असतात त्या दिवसांत छोट्या रेल्वेगाडीचा सवलतीचा पास मिळतो. चार शुक्रवार रामलिंगच्या घाटातून बार्शीस जाऊन यावे. माझ्या पत्नीस, शिवकांतेस, हा घाट गाडीतून पाहावयाचा होता. ते राहून गेले. पास केवळ जोडप्यांना देतात, म्हणून अर्जात 'पत्नी सोबत' असे मी लिहिले. आयुष्यातील हे माझे पहिले खोटे निवेदन. घाट हिरवागार होता. शेजारची जागा मोकळी ठेविली.

१० सप्टेंबर

तिकीट तपासणाऱ्या गुंडप्पाने पासावर दोन छिद्रे पाडिली, माणशी एक. मी एकटाच आहे, असे त्यास निक्षून सांगितले. तो हसून म्हणाला, "का थट्टा करता, मास्तर? बाईंना पाय खाली सोडाया सांगा. बाकावर मांडी घालून बसल्यात." या उद्धटपणाची मी लेखी तक्रार केली आहे.

ज्येष्ठात नळदुर्गास शिवकांतेला आमच्या लिंगायत रीतीप्रमाणे मांडी घालून बसवूनच समाधी दिली. हे येथे कुणासही ठाऊक नाही.

१७ सप्टेंबर

आज गाडीत बसलो नाही. पास परत करण्यास गेलो व खोटे लिहिल्याचे कबूल केले. स्टेशनमास्तर माणिकप्पा यांनी मूळ अर्ज पुढे सरकविला. माझ्या सहीखाली तिची सही होती. तेच वळण. पास रद्द करावयाचा तर दोघांची सही हवी, बाईंना घेऊन या, असे ते शांतपणे म्हणाले. मेलेल्या माणसाची सही! तीन वेळा समजाविले. तिन्ही वेळा तोच नियम ऐकविला.

२४ सप्टेंबर, गाडीत

रद्द करण्याचा अर्ज सोबत आणला आहे. क्षमा मागेन, सही घेईन, मोकळा होईन.

समोरची म्हातारी माझ्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे पान देत म्हणाली, "लई गार हात हाय गं तुझा."

बाकावर ओली माती. विभूतीचा वास.

घाट लागला. कागद पुढे धरला— घेतला गेला—

रामलिंग. उतरतो. पाय— मांडी घातली गेली आहे, सुटत नाही—

गुंडप्पा आला. एकच छिद्र पाडले. शेजारी पाहून विचारतो, बाई, आज मास्तर कुठं—

मी येथेच आ—