मधली फ्रेम

सोमवार, ता. ३

प्रथम वस्तुस्थिती, क्रमाने. एक : आज सकाळी ठीक नऊ वाजता मी या परीक्षणसंस्थेत वरिष्ठ परीक्षक म्हणून रुजू झालो. दोन : मला पहिल्या मजल्यावरची, दोन खिडक्यांची, स्वच्छ व शांत खोली मिळाली. तीन : बाजारात नुकतेच आलेले, संगणकाची चित्रे काढणारे एक ग्राफिक्स कार्ड माझ्या टेबलावर आहे, महिनाअखेरीस त्याचा अहवाल द्यायचा आहे. चार : माझ्या आधीचे परीक्षक हेच काम अर्धवट टाकून नाहीसे झाले. प्रमुख बाईंना त्याचे दुःख कमी आणि राग जास्त. पाण्याचा पेला फुटला तरी लेखी कळवणारा माणूस, जाताना मात्र एक ओळ खरडून गेला नाही, असे त्या म्हणाल्या. येथे तोंडी बोलण्याला अर्थ नाही. जे कागदावर नाही ते घडलेच नाही. हा नियम मला मनापासून आवडला. अशाच जागेच्या शोधात मी आयुष्य घालवले.

घरी धाकट्या बहिणीला हे सांगितले. तिचे मत पडले की दादाला अखेर दादासारख्याच खडूस माणसांची वस्ती सापडली. आता तरी दादा रोज जुळवून ठेवतो ते घरातल्या उशांचे कोपरे सुखाने झोपतील.

बुधवार, ता. ५

कार्ड उत्तम आहे. हे वाक्य मी सहसा लिहीत नाही. पंख्याचा आवाज जवळजवळ नाही, तापमान स्थिर. हे कार्ड हालत्या चित्राच्या दोन फ्रेम हिशेबाने काढते आणि त्यांच्या मधली एक अंदाजाने भरते. त्यामुळे पडद्यावरची हालचाल अतिशय गुळगुळीत दिसते. कंपनी या अंदाजाला बुद्धी म्हणते. मी अंदाजाला अंदाजच म्हणतो.

तयार चाचण्यांवर माझा विश्वास नाही; कंपन्या त्या आधीच घोकून आलेल्या असतात. म्हणून टेप घेऊन याच खोलीचे मॉडेल संगणकात बांधायला घेतले. टेबल, कपाट, खुर्ची, टाचणीचा डबासुद्धा : एकूण एक्केचाळीस वस्तू. चित्र खोटे बोललेच, तर खोली साक्षीला आहे.

शुक्रवार, ता. ७

मॉडेल चालवले आणि एकेक फ्रेम सुटी करून तपासली. खऱ्या फ्रेममध्ये एक्केचाळीस वस्तू. मधल्या फ्रेममध्ये बेचाळीस. बेचाळिसावी दाराशी आहे : करडी, पुसट, माणसाएवढी.

कोणीतरी थट्टा करते आहे. सामानाची खोली ज्यांच्या ताब्यात आहे, त्या तात्यांना विचारले. त्यांनी कानांवर हात ठेवले. मागाहून कळले की नवे साहेब सुतावरून स्वर्ग गाठतात आणि तिथे पोचल्यावर फरश्या मोजत बसतात, असे ते चारचौघांत बोलले. उद्यापासून खोलीला माझे कुलूप.

मंगळवार, ता. ११

कुलूप शाबूत. आकृती मात्र आता कपाटापाशी आहे. कोपरांवर ठिगळे लावलेला कोट, गळ्यातल्या दोरीला चष्मा. बाईंना छापून दाखवले. त्यांनी कागद खिडकीच्या उजेडात धरला. मग म्हणाल्या, कोट आधीच्या साहेबांचाच, चष्माही. आणि लगेच मलाच विचारले, की बेपत्ता माणसाची अशी चेष्टा करायला मला वेळ कसा मिळतो. म्हणजे संशयित मी! लेखी खुलासा मागितला आहे.

आधीच्या परीक्षकांच्या जुन्या फायली उघडल्या. त्यांनीही हीच खोली बांधली होती, मोजणीही एक्केचाळीसच. शेवटी एक भर : खुर्चीत स्वतःची आकृती. कारण नोंदवले आहे : परीक्षक खोलीत असताना खोली रिकामी दाखवणे अचूक नव्हे.

मला लाज वाटली. एवढी ढोबळ चूक माझ्या नजरेतून सुटावी!

बुधवार, ता. १२

स्वतःची मापे घेतली. उंची, खांदे, डाव्या भुवईवरचा व्रण. आकृती खुर्चीत बसवली. खऱ्या फ्रेममध्ये बेचाळीस, मधल्या फ्रेममध्येही बेचाळीस. हिशेब जुळला. कपाटापाशी कोणी नाही.

शुक्रवार, ता. १४

नुसते मोजले, ही चूक झाली. पाहायला हवे होते. खऱ्या फ्रेममध्ये खुर्चीत तो, ठिगळांच्या कोटातला, बसला आहे. मी मधल्या फ्रेममध्ये आहे. दाराशी.

माझे घड्याळ तासाला अर्धा तास मागे पडते. दुसरे आणले. तेही.

बहीण आधी थट्टेने म्हणाली की हल्ली अर्धाच दादा घरी येतो, उरलेल्याचे पान वाढायचे की नाही. रात्री ती हसत नव्हती. बोलता बोलता मी मध्येच नसतो, असे ती म्हणाली. माझा हात तिने जेवण होईपर्यंत सोडला नाही.

सोमवार, ता. १७

मॉडेलमधून माझी आकृती पुसली. खुर्चीतला तसाच. मग सबंध मॉडेल पुसले. कार्ड काढून खोक्यात घातले. सील केले. पडदा अजून चालू आहे— दोन खिडक्या, कपाट— तो कोट काढून खुर्चीच्या पाठीला अडकवतो आहे.

मागे वळून पाहिले. खुर्चीच्या पाठीला कोट आहे.

मंगळवार, ता. १८

तात्या समोरून गेले. नमस्कार नाही. बाई खुशीत— जुने साहेब परतले म्हणे. लेखी रुजू झाले. माझ्या रुजूपत्रावर त्याची सही.

बहीण फाटकाशी आली होती. असा कोणी येथे कधी नव्हताच, कागद नाही, असे त्याने तिला सांगितले. मी हाक मारली. ती वळली— माझ्याकडे पाहिले— मग माझ्या मागच्या भिंतीकडे—

बुधवार, ता. १९

माझ्या खुर्चीत बसलेल्या सद्गृहस्थांस,

ही वही आपण वाचता. पानाचा कोपरा दुमडलेला आहे; मी पाने दुमडत नाही. एक : आपण बाहेर कसे आलात? दोन : मला पुढचा परीक्षक येईपर्यंत थांबावे लागेल काय? तीन : माझी बहीण उद्याही फाटकाशी येईल. तिला—

तोंडी चालणार नाही. खाली जागा सोडली आहे. उत्तर लेखी द्यावे, सही-तारखेसह, याच पानावर, आजच, मी दाराशी उभा आहे, मला दर दुसऱ्या फ्रेमलाच—